वीस मिनिटं

“झालं! तारा काढतो,” काचेपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

“झालेलं नाही,” मी माइकमध्ये म्हणाले. “वीस मिनिटं थांबायचंय.”

आत टेबलावर पडलेला वायरमन जागाच होता. या कामात पूर्ण भूल देत नाहीत. जांघेतून बारीक तारा हृदयापर्यंत जातात. त्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज एकाच वाटेने गोल गोल फिरत होती, मिनिटाला तीनशे फेऱ्या. त्या फेऱ्यांचा रंगीत नकाशा काढणं हे माझं काम. बावीस वर्षं मी काचेच्या अलीकडे बसून परक्यांच्या हृदयाचे नकाशे काढतेय. डॉक्टर त्या वाटेवर डाग देऊन आडवी रेघ ओढतात, म्हणजे वीज पलीकडे जात नाही. आज रेघ पुरी होताच ठोके सरळ झाले होते आणि आत सगळे खुशीत होते.

“बाई, आकडा किती आला?”

“एकशे बासष्ट मिलिसेकंद.”

रेघेच्या एका बाजूला वीज सोडायची आणि दुसऱ्या बाजूला किती वेळाने पोचते ते मोजायचं. रेघ पक्की असेल तर विजेला लांबून वळसा घालावा लागतो आणि आकडा मोठा येतो. एकशे बासष्ट म्हणजे उत्तमच. पण नुकती भाजलेली जागा सुजून गप्प बसते, आणि जरा सावरली की एखादी फट पुन्हा वीज सोडायला लागते.

“मग? बाहेर दोन पेशंट ताटकळलेत. कटकट नको.”

कटकटबाई हेच माझं इथलं नाव. ते मी मनाला लावून घेत नाही. लावून घेतलंय ते दुसरंच. गेल्या वर्षी एका शिक्षिकेच्या वेळी असंच ‘झालं’ म्हटलं गेलं आणि मी मूग गिळून बसले. तीन महिन्यांनी ती परत आली, सुनेच्या खांद्यावर हात टाकून, निम्मा चेहरा लुळा. वीज पुन्हा फिरू लागली होती आणि हृदयात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. आयुष्यभर कविता शिकवलेल्या बाईला साधं पाणी मागता येईना. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ असतं, अंडी उकडताना लावतात तसलं. मी ते वीसवर फिरवलं.

डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांचा पारा चढला. “एवढंच असेल तर सोमवारपासून खाली ईसीजीला बसा.”

“बसेन. आज इथे आहे.”

“साहेब,” टेबलावरून घोगरा आवाज आला, “मेन बंद केला तरी टेस्टर लावल्याशिवाय आम्ही वायरला हात घालत नाही. मला परत खांबावर चढायचंय. लावू द्या की बाईंना टेस्टर.”

आत कुणीतरी खुदकन हसलं. डॉक्टर हाताची घडी घालून उभे राहिले.

पाच मिनिटं झाली. एकशे बासष्ट. दहा झाली. एकशे साठ. आकडा ढळला नाही तर मी नुसतीच हेकट म्हातारी ठरणार होते. क्षणभर वाटलं, पडू दे आकडा. आणि माझीच मला चीड आली. मला खरं ठरवण्यासाठी तो माणूस तिथे झोपलेला नव्हता.

अठराव्या मिनिटाला आकडा एकशे आठ झाला.

मी नकाशावर फक्त ती फट दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी. डॉक्टरांनी निमूटपणे पुन्हा डाग दिले. एकशे सत्तर.

मग माइक खरखरला. “बाई... तुमचं ते घड्याळ लावा.”

“लावलंय.”

वीस मिनिटांनंतरही एकशे सत्तरच. बाहेर नेताना वायरमनने मान वळवून विचारलं, “लावला का टेस्टर?”

“दोनदा,” मी म्हणाले. तो हसला आणि त्याने डोळे मिटले.

सोमवारी मी खाली ईसीजीच्या खोलीत बसले. निघालेला हुकूम कुणी मागे घेतला नाही, आणि मीही विनवण्या करायला गेले नाही. घड्याळ मात्र वरच ठेवून आले. त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे : वीस. एकोणीस नव्हे.