क्लॅरीचं हमीपत्र

शब्द दिला म्हणजे दिला, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं सगळीकडे असतात. क्लॅरी ऑजर्स त्यांतलाच. त्याच्या केल्पी कुत्र्यांची पिल्लं मेंढ्या वळवण्यात पटाईत, म्हणून सारा पश्चिमेकडचा मेंढपाळी मुलूख त्याच्याच दारी यायचा. गाडीच्या फाळक्याला टेकून हात मिळवायचा, एकेक बिअर प्यायची, की झाला सौदा. कागद मागणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणणं, असा तिथला रिवाज.

शेजारच्या डेस प्रुएटनेही असंच एक पिल्लू नेलं. वर्षभरात ती कुत्री मागच्या पायाने लंगडू लागली. कमरेचा सांधा जन्मतःच कच्चा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"काही दोष निघाला तर उपचाराचं मी बघेन, म्हणाला होतास," डेस म्हणाला.

"बदलून देईन म्हणालो होतो. बिअर तुलाच चढली होती."

डेस तडक निघून गेला. बालपणीचे दोस्त कुंपणापाशी एकमेकांना पाठ दाखवू लागले. क्लॅरीला घास गोड लागेना.

"डेस खोटं बोलतोय," तो बायकोला म्हणाला.

"नाही, आणि तूही नाहीस," मर्ल म्हणाली. "हात दोघांनी मिळवला, पण ज्याला जे सोयीचं तेच त्याच्या लक्षात राहिलं. अरे, लोकरीच्या गाठोड्यावर शिक्का मारल्याशिवाय ते फाटकाबाहेर सोडत नाहीस, आणि जिता जीव तोंडी विकतोस! तुम्ही बसा रुसून. लंगडतेय ती बिचारी."

क्लॅरी खजील झाला. त्याने त्याच दुपारी लिहून काढलं: यापुढे आईबापांचे सांधे तपासूनच पिल्लू विकेन, जन्मजात दोष निघाल्यास उपचाराचा खर्च माझा, नको असल्यास पिल्लू परत घेईन. सही करून तो डेसकडे गेला.

"हिलाही लागू?" डेसने विचारलं.

"हिच्यापासूनच सुरुवात."

शस्त्रक्रिया झाली, कुत्री धावू लागली.

कुत्र्यांच्या पुढच्या लिलावात क्लॅरीने ते हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "काय रे, स्वतःच्या कुत्र्यांवर भरवसा उरला नाही?" एका पैदासकाराने टोमणा मारला.

"आहे, म्हणून तर सही केली. तुझा असेल तर तूही कर."

लोक हसले, पण क्लॅरीला नव्हे, त्या टोमणेवाल्याला. गिऱ्हाइकं प्रत्येक विकणाऱ्याला विचारू लागली, "तुमचा कागद कुठाय?" क्लॅरीची सगळी पिल्लं हां हां म्हणता गेली, आणि शेवटी तोच पैदासकार मान खाली घालून मजकूर उतरवून घ्यायला आला. क्लॅरीने स्वतःचं पेन पुढे केलं. गर्दीतल्या डेसने टाळ्या वाजवल्या!

मित्रहो, लेखी हमी मागण्यात अपमान नाही आणि देण्यात कमीपणा नाही. ज्याला शब्द पाळायचाच आहे, तो सही करताना कशाला कचरेल?