त्रेसष्ट टिंबं

तिने संमतीचा फॉर्म टेबलावरून पाळकीणबाईंपुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. दहा मिनिटांत सही उरकायची आणि तिथून थेट प्रबंध बांधायला टाकायचा, असा तिचा बेत होता.

पाळकीणबाईंनी पेनाला हातच लावला नाही. चष्मा नाकावर चढवून त्या फॉर्म वाचू लागल्या, तोही अगदी पहिल्या ओळीपासून. फॉर्म वाचून सही करणारी माणसं जगात अजून उरली आहेत, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"चर्चच्या दिवंगत पाळकांच्या बायबलच्या प्रतीतील पेन्सिलीच्या टिंबांची छायाचित्रं," त्या मोठ्याने म्हणाल्या. पन्नास वर्षांत स्वतःचा आवाज न ऐकलेल्या माणसाचा तो सपाट, जरा जास्तच चढा आवाज होता. "टिंबांचं काय करणार तू?"

ती पिशवीत वाकून फाइल शोधत होती. तशीच म्हणाली, "प्रबंधात एक अख्खा अध्याय त्यांच्यावर..."

टेबलावर टकटक झाली.

"मान वर करून बोल, पोरी. तुझ्या भांगाला ओठ नाहीत."

तिने जीभ चावली आणि मान वर केली. पाळकीणबाईंना ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. ओठ वाचता येतात, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं म्हणा.

ही टिंबं तिला पाच वर्षांपूर्वी चर्चच्या कपाटात सापडली होती. पाळकसाहेब दर रविवारी व्यासपीठावरून ज्या प्रतीतून वाचत, तिच्यात स्तोत्रांच्या समासात पेन्सिलीची बारीक टिंबं होती, मोजून त्रेसष्ट. गंमत म्हणजे देवाची स्तुती असलेल्या ओळींशेजारी एकही नाही. सगळी विलापांच्या शेजारी, आणि तीही नेमकी तिथे, जिथे गाणारा देवालाच जाब विचारतो. तिला तेव्हा हर्षवायू व्हायचा बाकी राहिला होता. पाळक वाचताना या ओळींशी अडखळत असणार, संशय ओठांवर येत असणार आणि ते तो गिळत असणार, असा तिने सिद्धान्त मांडला. चौथा अध्याय त्यावर उभा राहिला. चर्चच्या मंडळीतल्या अकरा वृद्धांना ती भेटली. सगळे एका सुरात म्हणाले, पाळकसाहेबांची श्रद्धा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने लिहिलं, 'वरवर पाहता'. पाळकीणबाईंचं नाव निघालं की प्रत्येक जण हात हलवायचा. "त्यांना ऐकू येत नाही हो, त्यांना काय विचारणार?" तिनेही यादीतल्या त्या नावावर रेघ मारली होती.

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. तेव्हा दिला तर धर्मशिक्षणाच्या कॉलेजातली शिकवायची जागा तिची, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराची. नोकरी सांभाळून आठ वर्षं घासली होती तिने. भाऊ तर आताच फोनवर 'काय डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायला लागला होता.

एवढं सगळं नाही, पण सिद्धान्त तिने पाळकीणबाईंना सांगितला, मान वर करून, सावकाश. नवऱ्याच्या संशयाबद्दल विधवेशी बोलायचं म्हणून शब्दही मऊ शोधले.

पाळकीणबाईंनी शेवटपर्यंत तिचे ओठ वाचले आणि मग त्या हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"यांना संशय? अगं, यांना सकाळी बस वेळेवर आली तरी देवाची करणी वाटायची."

"मग टिंबं?"

"टिंब आलं की मान वर करायची. एवढंच." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "हे पुस्तकात तोंड खुपसून वाचायचे. पहिल्या बाकावर बसूनही मला यांचं टक्कलच दिसायचं. मग मी सांगितलं, निदान माझ्या ओळी पाठ करा आणि माझ्याकडे बघून म्हणा. लोक हसायचे, पाळकसाहेबांची नजर बायकोवरून हलत नाही म्हणून."

"पण याच ओळी का? स्तुतीच्या का नाहीत?"

पाळकीणबाईंनी चष्मा पुन्हा घालायला वेळ घेतला.

"ज्या तापात कान गेले, त्याच तापात माझी दोन वर्षांची पोर गेली. स्तुती कशाची ऐकू? मला भांडायचं होतं. पण पाळकाच्या बायकोने भर मंडळीत देवाला जाब विचारायचा? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हणून हे विचारायचे. माझ्याकडे बघत, माझ्या वतीने."

मग पुस्तक न उघडता त्या ओळी म्हणू लागल्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवत. तिला प्रत्येक ओळ ओळखू आली. क्रमही तोच होता, मधली एकही सुटली नाही. एकोणीस-वीसपर्यंत तिने मोजलं, मग पुढे तिला मोजवेना. फॉर्म तिने घडी घालून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना गाठलं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, भले गृहस्थ, पण शुक्रवार त्यांच्याही डोक्यावर होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्ची मागे रेलली.

"नव्वदीच्या बाईच्या आठवणीचा काय भरवसा?"

"त्यांनी ओळी म्हणून दाखवल्या, सर. क्रमाने."

"बरं, मग तळटीप दे. 'पत्नीच्या मते वेगळं कारण.' परीक्षकांपैकी कोण तिथे जाऊन विचारणार आहे?"

"मीही गेले नव्हते, सर."

ती खाली बघून बोलत होती, हे लक्षात येताच तिने मान वर केली.

"देवाच्या मौनावर पाच वर्षं लिहितेय मी. आणि ज्या बाईला त्याबद्दल खरंच काही विचारायचं होतं, तिला ऐकू येत नाही म्हणून मी गाळली. त्या जन्मभर पहिल्या बाकावर बसल्या. आता मी त्यांना तळटिपेत बसवू?"

"हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागतेयस. जागा जाईल."

"हो."

ती जागा तिला हवी होती. फार हवी होती. जिन्यावर ती पाच मिनिटं नुसती बसून राहिली, मग डोळे पुसून भावाला फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणायला अजून सहा महिने तरी थांब, म्हणाली.

शुक्रवार आला तसा गेला. जागाही गेली. तीन आठवड्यांनी ती चौथ्या अध्यायाची नवी पानं घेऊन पाळकीणबाईंच्या टेबलाशी बसली. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांना आधी कळायला हवं, असं तिने ठरवलं होतं.

तिने वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच टकटक झाली. तिने मान वर केली, आणि वाक्य हातातून सुटलं. सहा ओळींचं वाक्य होतं. त्याचं शेपूट कुठे आहे, ते तिलाही आठवेना.

"तुझंच तुला पाठ नाही," पाळकीणबाई म्हणाल्या. "मग मला काय सांगणार?"

तिला हसू आलं. तिने पानं पालथी घातली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"टिंबं पाळकसाहेबांची आहेत," ती म्हणाली. "प्रश्न तुमचे आहेत. मला वाटलं, ते गप्प बसत होते. ते तुमच्यासाठी बोलत होते." थोडं थांबून तिने तितक्याच सावकाश पुढचं म्हटलं, "आणि तुम्हाला विचारायला मी पाच वर्षं आले नाही."

पाळकीणबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या. ओठ थांबल्यावरही थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पानं ओढून सरळ केली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेल्या.

"तू शेवटी बोललीस ते यात कुठे आहे?"

"ते लिहिलेलं नाही."

पाळकीणबाईंनी टेबलावरची तिची पेन्सिल उचलली. पानाच्या तळाशी रिकामी जागा होती. त्या जागेशेजारी, समासात, त्यांनी एक बारीक टिंब ठेवलं आणि पान तिच्याकडे फिरवलं.

"लिही," त्या म्हणाल्या.