दोन बोटं कललेली भिंत

मित्रांनो, मी ओळंबा. अंगाने पितळी, टोकाला पोलादी, आणि वय विचाराल तर मला धरणारे हात आता थरथरतात, यावरून ओळखा. दोरीला टांगलं की मी सरळ खाली बघतो. माझ्या दोरीवरून गवंड्याला कळतं, भिंत ताठ उभी आहे की कलली आहे. या कामात मी आजवर कुणाचीही भीड ठेवलेली नाही.

एका लेथवाल्याने मला पितळेच्या गजातून कातून काढलं. घडवून झाल्यावर त्याने मला दोरीला लावून फिरवलं आणि पुन्हा लेथवर चढवलं. "एका अंगाला जड राहिला तर जन्मभर खोटं बोलेल," तो म्हणाला. त्याचे हे शब्द मी विसरलो नाही.

मग मी मिस्त्रींकडे आलो. मिस्त्री तेव्हा तरुण होते, आणि त्यांची एक रीत होती. भिंत पुरी झाली की ते वरच्या विटेपाशी खिळा ठोकून मला खाली सोडत, आणि माझं टोक जोत्याच्या दगडावर जिथे येई तिथे छिन्नीने बारीक फुली मारत. त्या फुलीवर पुढे गिलावा चढे आणि ती कायमची झाकली जाई. त्यांचा जोडीदार गवंडी होता, त्याला सगळे लांब्या म्हणत. तो हसायचा. "अरे, न दिसणारी सही कशाला करतोस? तुला तर सहीपण येत नाही."

"भिंतीला येते ना," मिस्त्री म्हणत.

मित्रांनो, मोठ्या शहरापासून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव आहे. तिथली शाळा मिस्त्रींनी बांधली. पश्चिमेच्या भिंतीचं काम चालू होतं तेव्हा दोन दिवस सोसाट्याचा वारा होता. वाऱ्यात मी डोलतो, तो माझा स्वभावच आहे. अशा वेळी वारा पडेपर्यंत थांबायचं असतं. पण मिस्त्री तेव्हा नावारूपाला आले होते आणि नाव झालं की घाई येते. "माझा डोळाच ओळंबा आहे," असं म्हणून त्यांनी मला खिशात टाकलं आणि नजरेने भिंत चढवली.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. मिस्त्रींनी मला सोडलं. पायथ्याशी मी भिंतीला जेमतेम हुंगावं इतका जवळ यायला हवा होतो. मी दोन बोटं दूर लोंबत राहिलो. मिस्त्रींना कळलं, भिंत वरून दोन बोटं बाहेर कलली आहे. मागून छपराचे वासे येऊन पडले होते, माणसं खोळंबली होती. भिंत उतरवायची म्हणजे आपल्या तोंडाने चूक सांगायची, आणि ते त्यांना जमलं नाही. पण फुली त्यांनी मारली. जिथे असायला हवी होती तिथे नव्हे, जिथे माझं टोक खरोखर होतं तिथेच. मग गिलावा चढला आणि ती गोष्ट आम्हा दोघांत राहिली.

भिंत उभी राहिली. मिस्त्रींचं नाव वाढत गेलं. साठी उलटल्यावर त्याच शाळेत संध्याकाळच्या वर्गाला बसून ते अक्षरं शिकले. मी मात्र मागे पडलो. पाण्याच्या नळीने आणि काचेतल्या बुडबुड्याने माप घेणारी नवी पिढी आली. मिस्त्रींच्या सूनबाईने मला खिडकीच्या पडद्याच्या दोरीला बांधलं, पडदा उडू नये म्हणून. तक्रार नाही. पण पडद्याला सरळ-वाकडं काय कळणार?

आणि एका सकाळी जमिनीखाली भरला ट्रक आदळावा तसा आवाज झाला. पाठोपाठ घर हललं. फळीवरचे डबे खाली आले आणि मी खिडकीत वेड्यासारखा गोल गोल फिरू लागलो. जेमतेम दहा सेकंद. रेडिओवर सांगितलं, भूकंप मध्यमच होता, पण जमिनीखाली फार खोल नव्हता, म्हणून आमच्या बाजूला दणका जोरात बसला. शहरात काचा फुटल्या, आमच्याकडे भिंतींना भेगा गेल्या. सुदैवाने माणसं वाचली.

चौथ्या दिवशी इंजिनिअर बाई आल्या. शाळेची पश्चिमेची भिंत त्यांनी मापली आणि दारावर लाल अक्षरांत फलक लावला. मिस्त्रींनी तो बोट ठेवत वाचला: भूकंपाने भिंत कलली आहे, इमारत पाडावी. मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जायला सांगितलं. तिथवर कोण धाडणार होतं लहान मुलींना?

"वाचता येत नसतं तर बरं झालं असतं," मिस्त्री घरी येऊन म्हणाले. मग ते खिडकीपाशी आले आणि माझी गाठ सोडू लागले.

"मामंजी, पडदा उडेल," सूनबाई म्हणाली.

"उडू दे. ती भिंत आता नाही कलली, सूनबाई. जन्मतःच कललेली आहे. मीच कलती बांधली."

दाराशी बसलेला म्हातारा लांब्या बोलला. "चाळीस वर्षं सांगितलं नाहीस, आता कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"शाळा पाडली तर ती मूठ घेऊन काय करू?"

शाळेच्या आवारात निम्मं गाव जमलं होतं. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर आपली चूक आणि त्या फुलीची खूण सांगितली. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमची माया कळते. पण मी शब्दावर शाळा उघडू शकत नाही."

"शब्दावर नकोच. गिलावा काढा."

वर विटेपर्यंत आणि खाली दगडापर्यंत गिलावा खरवडला. दगडावर चुन्याची पांढुरकी साय होती. लांब्याने आपल्या रुमालाने ती पुसली आणि एक फुली दिसली. वरच्या त्याच विटेपासून मला पुन्हा खाली सोडलं. पण त्या दिवशीही वारा होता.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"थांबा. वारा पडू दे. मागे एकदा थांबलो नव्हतो."

तासभर सगळे थांबले. चार बायकांनी चादरी धरून आडोसा केला. हळूहळू माझा झोका लहान झाला, आणि मी थांबलो. माझं टोक फुलीच्या बरोबर मध्यावर होतं. भूकंपाने भिंत केसभरही हललेली नव्हती.

बाई गुडघ्यांवर बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. नुसत्या माझ्यावर त्या विसंबल्या नाहीत. आणखी तीन जागी गिलावा काढून त्यांनी विटा तपासल्या, भेगा वरवरच्याच निघाल्या. तेव्हा त्यांनी फलक उतरवला, भिंतीला बाहेरून दोन टेके द्यायला सांगितले, आणि टेके झाल्यावर शाळा उघडली.

"एवढी वर्षं लोकांना सांगत फिरलो की तुझी भिंत चुकत नाही," लांब्या म्हणाला. "मला खोटं पाडलंस."

"तुला आधी सांगितलं असतं तर गावभर झालं असतं."

"ते झालंच असतं," लांब्या म्हणाला, आणि दोघे म्हातारे हसू लागले.

आता मी शाळेत राहतो. महिन्यातून एकदा मुलं मला सोडतात, आणि वारा पडेपर्यंत थांबायला मिस्त्री त्यांना शिकवतात. मित्रांनो, पुढचा धक्का कधी येईल ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. पण तो येऊन गेल्यावर भिंत जागची हलली की नाही, ते मी खरं सांगेन. मला आपटू नका, माझं टोक बोथट होऊ देऊ नका, आणि माझी दोरी ओली गुंडाळू नका, ती कुजते. बाकी माझं काम मी बघतो.