उत्तर देतंय कोण?

"मॅडम, परत गेलं!" डिस्पॅचच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं आणि जयमालाने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून सहा मिनिटं. पाठोपाठ स्टोअरचा फोन आला, मग टूलरूमचा. सगळ्यांच्या पडद्यावर तेच वाक्य होतं : डेटाबेसशी संपर्क होत नाही.

चाकणच्या या गिअर कारखान्यात जयमाला डेटा एंट्रीला लागली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. कॉम्प्युटर बिघडला की बाकीच्या चहाला जायच्या, ही मागे वाकून वायरी बघत बसायची. असं बघता बघताच ती नेटवर्क सांभाळू लागली. डिग्री नव्हती, पण एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

गेले तीन आठवडे रोज अकराच्या सुमारास हेच व्हायचं. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं ठीक. पण या गोंधळात इन्स्पेक्शनच्या इंदुताईंनी भरलेली एका लॉटची मापं गायब झाली. मापांचा कागद नाही म्हणून गिऱ्हाइकाने लॉट परत पाठवला, आणि न मोजताच सही केली असा ठपका ठेवून इंदुताईंना मेमो मिळाला. बावीस वर्षं मायक्रोमीटर धरलेली बाई आता पॅकिंगला खोकी चिकटवत होती.

जयमाला तिकडे गेली. "ताई, तुमचा कॉम्प्युटर नेमका कधी अडकायचा?"

"आता कशाला इचारती? उद्या जबाब द्यायचाय मला." इंदुताईंनी टेप दातांनी तोडली. "मोजल्याबिगर सही करती व्हय मी? मापं भरली व्हती. पण तिथं मीटिंगला समदी जमली की माझा पडदा गोठायचा. सांगितलं, तर म्हणं तुमाला चालवता येत न्हाई."

मीटिंग म्हणजे सुपरवायझर दिग्विजयची, मशिनींच्या मधल्या मोकळ्या जागेत, रोज अकराची.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच जयमाला इंदुताईंच्या रिकाम्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्त्यासारखा एक नंबर असतो. इंदुताईंच्या कॉम्प्युटरच्या नंबरला ती लॅपटॉपवरून सारखी हाक मारत होती, आणि पडद्यावर ओळीने उत्तरं येत होती.

अकराला दिग्विजय आला. त्याने रिमोट दाबून भिंतीवरचा, उत्पादनाचे आकडे दाखवणारा मोठा प्रॉडक्शन बोर्ड लावला. उत्तरं अडखळली. एक यायचं, दोन गळायची. जयमालाने सरळ टेबलावरच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटली.

आणि उत्तरं धडाधड येऊ लागली!

तिने हातातल्या वायरीकडे पाहिलं. "अगं बाई! मग उत्तर देतंय कोण?"

"काय झालं मॅडम?" दिग्विजयने विचारलं.

"तो बोर्ड बंद करा बरं."

बोर्ड बंद झाला. उत्तरं थांबली.

"लावा." सुरू झाली. तिने त्याला तीनदा तसं करायला लावलं. खात्री पहिल्याच वेळी पटली होती, पण मौज वाटत होती. बोर्डाचा आणि इंदुताईंच्या कॉम्प्युटरचा नंबर एकच होता. बोर्ड लागला की कॉम्प्युटर बाहेर फेकला जायचा आणि पुन्हा पुन्हा डेटाबेसचं दार ठोठावायचा. दर वेळी त्याच्यासाठी आत एक नवी जागा अडायची, जुनी सुटायची नाही. जागा मोजक्याच, त्या भरल्या की बाकीच्यांना दार बंद.

"भारीच की!" दिग्विजय म्हणाला. "पण बोर्डाला हा नंबर दिला कोणी?"

जयमालाचं हसू मावळलं. तीन आठवड्यांपूर्वी बोर्ड बसला तेव्हा, गिऱ्हाइकाची माणसं यायची होती त्या शनिवारी, घाईघाईत, स्टुलावर उभं राहून तिनेच दिला होता. रिकामा आहे का, हे न बघता.

नंबर बदलायला दोन मिनिटं लागली.

दिग्विजय आवाज खाली आणून म्हणाला, "बोर्डवाल्यावर ढकला ना मॅडम. कोण बघतंय?"

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "इंदुताईंचा जबाब आज आहे."

प्लांट मॅनेजर शेखर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चूक तुमची."

"हो."

"लेखी द्याल?"

"आणलंय."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मेमो मागे घेतो म्हणाले. आणि उद्यापासून सर्व्हरचा पासवर्ड हेड ऑफिसच्या माणसाकडे राहील, असंही.

सोमवारी इंदुताई आपल्या टेबलावर परत आल्या. जयमाला समोर जाऊन उभी राहिली. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला..."

"कळलं मला. लेखी दिलंस त्ये बी कळलं." इंदुताईंनी गिअर उचलला, मोजला, आकडा कॉम्प्युटरवर भरला. नोंद झाल्याची हिरवी खूण उमटली. मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून छोटी वही काढली आणि तोच आकडा पेन्सिलीने लिहून ठेवला.

"आता नाही जायचं काही, ताई."

"ठाव हाय," इंदुताई म्हणाल्या. पुढचा गिअर मोजला, आणि या खेपेला आकडा आधी वहीत लिहिला.