बनुबाईची जाहिरात

पक्षाचं अधिवेशन सांगलीत भरायचं होतं, म्हणजे स्मरणिका निघणार हे आलंच. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देऊ नयेत, असा कायदा एकोणसत्तर साली होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आपल्याकडं स्मरणिकांचं पीक आलं होतं. देणगीला बंदी, जाहिरातीला कुठं आहे? कंपनीनं पानभर 'हार्दिक शुभेच्छा' छापायच्या, त्याचे भरमसाट पैसे द्यायचे, आणि पक्षानं जेमतेम शंभर प्रती काढायच्या. वाचण्यासाठी नव्हेच, कुणी विचारलं तर दाखवण्यासाठी.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. बनुबाईला नव्हतं.

बनुबाईची खानावळ कराडशेजारच्या मलकापुरात, हमरस्त्याला लागून पत्र्याच्या शेडात. पूर्वी ती कराडात एस्टी स्टँडामागं होती. तिथूनच तिचा एकुलता एक मुलगा आकाराम निघून गेला होता. गल्ल्यातले पैसे पत्त्यांत घालवले म्हणून बापानं, केरबानं, गिऱ्हाइकांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. पोरगं भरल्या ताटावरून उठलं ते गेलंच. पुढं केरबा वारला, ती जागा रस्ता रुंद करताना पाडली, आणि बनुबाईच्या जिवाला एकच घोर लागला. पोरगं परत आलं तर जुन्या जागी त्याला काय दिसणार?

पक्षाचा कृष्णात तिच्याकडंच जेवायचा. माणूस वाईट नव्हता, जीभ तेवढी सैल.

"मावशी, स्मरणिकेत पाव पान घ्या. घरोघर जाती."

"घरोघर? पार सांगलीकडं बी?"

"तर वो! सातारा, सांगली, दोन्ही जिल्ह्यांत."

बनुबाईनं ज्वारी भरायला ठेवलेले पैसे काढून दिले. कृष्णात 'शुभेच्छा' लिहायला लागला, तर ती म्हणाली, "त्ये नगं. मी सांगते तसं ल्ही. आकाराम, खानावळ आता मलकापुरात हाय. तुजा बा गेला. जाताना तुजंच नाव घेत हुता. राग कुनाचाच न्हाई. ये."

कृष्णातची पेन्सिल थबकली. तेव्हाच त्यानं खरं सांगायला हवं होतं. पण पावती फाडून झाली होती, आणि माणूस अशा वेळी गप्प बसतो. मला त्याचा अजून राग येतो.

स्मरणिका निघाली. बनुबाई दर एस्टीला भाकरी थापता थापता मान वर करून बघायची. कृष्णात दुसरीकडं जेवायला लागला.

मग एक दिवस हुसेन मुजावर आले. प्राप्तिकर खात्यात इन्स्पेक्टर. कंपन्या स्मरणिकेतली जाहिरात खर्चात दाखवून कर वाचवत होत्या, तेव्हा ती खरंच जाहिरात आहे की आडून दिलेली देणगी, हे तपासायचं त्यांच्याकडं होतं. दोन जिल्ह्यांत ती स्मरणिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला हा एकच माणूस. शुभेच्छांनी कंटाळलेले असताना ते या पाव पानावर अडखळले, आणि साताऱ्याच्या कचेरीतून थेट मलकापुरात आले.

हातात स्मरणिका बघून बनुबाई चुलीपुढनं उठलीच. "आकारामचा सांगावा हाय?"

मुजावरांनी तयार करून आणलेला प्रश्न गिळला. "नाही, मावशी. जेवायला वाढा."

जेवण झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. "मावशी, हे पुस्तक कुणी वाचत नाही हो. शंभरच छापलीत. पैसे गोळा करायची युक्ती असते ही."

बनुबाईनं त्यांचं ताट उचललं. रडली नाही. ताट ठेवून म्हणाली, "मंग तुमी कसं वाचलंसा?"

"माझं कामच ते. गावोगाव फिरतो, पेढ्यांवर जातो, यातली पानं दाखवून विचारतो."

"मंग तितं माजं बी वाचून दावा की."

एवढं साधं मागणं. सरकारी माणसानं नाही म्हणायला हरकत नव्हती. मुजावरांना ते जमलं नाही.

त्यानंतर ते जिथं चौकशीला जात, तिथं कामाचं संपलं की बनुबाईचं पान उघडून मोठ्यानं वाचत. मालक लोक घाबरायचे. यात काय डाव आहे, म्हणून वकिलाला विचारायचे. मुजावर त्यांच्याकडं बघायचेच नाहीत, मागं उभ्या असलेल्या नोकरांकडं बघायचे. पुष्कळ ठिकाणी आकारामला ओळखणारं कुणी निघालं नाही. सांगलीत एका हळदीच्या वखारीत मात्र 'तुजा बा गेला' या शब्दांना वजनकाट्यापाशी पोती लावणारा एक हमाल थांबला, आणि 'ये' म्हणेपर्यंत ढसाढसा रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मलकापुरात उतरला. बनुबाईनं आधी ओळखलंच नाही. कपड्यांपासून पापण्यांपर्यंत पिवळा.

"आई, मी आलतो गं कराडला. समदं पाडल्यालं. चूल बी दिसली न्हाई. वाटलं, माज्यापायी समदं बुडालं."

तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं, मग स्वतःचं. 

आकारामनं खिशातून कागद काढला. "मुजावर सायबांनी दिलाय. भरून धाडा म्हनलं."

"वाच."

"सदर जाहिरातीचा जाहिरातदारास काही फायदा झाला काय?"

बनुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "ल्ही की. व्हय म्हनून ल्ही."

आकारामनं खिसे चाचपले, पण पेन्सिल सापडेना. तेव्हा तिनंच चुलीपुढच्या विझलेल्या कोळशावर अंगठा घासला आणि त्या प्रश्नाखाली दाबून धरला.