चौघं एका ओळीत

शुक्रवारी पहिली पाळी सुटली आणि हिंगण्याच्या कारखान्यामागच्या मैदानावर रोशननं विटेच्या तुकड्यानं चार ठिपके काढले. एका ओळीत, सरळ. मग प्रशिककडं न बघता म्हणाला, "रविवारी असं खेळू. मागं कोणी नाही."

मागं कोणी नाही म्हणजे प्रशिक नाही. नऊ वर्षं कारखान्याच्या फुटबॉल संघात तिघं बॅक पुढं आणि त्यांच्या पाठीशी एकटा प्रशिक, कर्णधार. निसटलेला प्रत्येक बॉल त्यानं झाडायचा. चौघंही प्रेस शॉपचे. पत्रा ठोकणाऱ्या त्या शेडमध्ये तोंडानं बोललेलं शेजाऱ्याला कळत नाही, म्हणून तिथं हातानं बोलतात. मूठ म्हणजे थांब, उघडा पंजा म्हणजे चल. तीच सवय त्यांनी मैदानावर आणली. प्रशिकचा हात बघायला तिघं मान वळवायचे, आणि गेल्या रविवारी गांधीबागेतल्या कापडबाजाराच्या पोरांनी नेमकं तेवढ्यात दोन गोल घातले. असा मार खाणारा दुसरा संघ अख्ख्या नागपुरात नसेल.

रोशनचं बरोबर होतं. चौघं एका ओळीत राहिले तर मागं बघायचं कामच नाही. कडेच्या गड्याला सगळी ओळ दिसते, त्यानं हाक द्यायची, चौघांनी एकदम पुढं सरकायचं, समोरचा ऑफसाइड. प्रशिकला हे रोशनच्या आधी उमगलं होतं. तरी तीन दिवस तो नाही म्हणत होता आणि तीन दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

अडचण त्या हाकेची होती. बारा वर्षं प्रेस उजव्या हाताला, प्रशिकचा उजवा कान ठार बसलेला. दरवर्षी तपासणी व्हायची. कानाची तपासणी म्हणजे एक माणूस टेबलामागून विचारतो, "ऐकू येतं ना?" हो म्हटलं की ऐकू येतं. नाही म्हटलं तर कागदावर चढतं आणि प्रेसवरून उतरवतात. प्रशिकसारख्या ठेकेदाराच्या माणसाला प्रेसवरून उतरवलं की तो थेट गेटबाहेर. गेल्या वर्षी दोघं असेच गेले. प्रशिक हो म्हणत आला.

संघाचे मॅनेजर मुकुंद साहेब, कारखान्याचे कामगार अधिकारी, खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "दहा मिनिटं करून तर बघा."

पहिल्या दोन हाकांना प्रशिकनं डोळ्याच्या कोपऱ्यातून रोशनकडं बघून निभावलं. तिसऱ्या वेळी बॉल डावीकडं, त्याची नजर डावीकडं. उजव्या कडेनं रोशन ओरडला. तिघं पुढं गेले, प्रशिक खांबासारखा जागेवर. गोल. चौथ्यांदाही तेच.

"भाऊ, मुद्दामून करून राहिले काय?" रोशन जवळ आला. "मी बोंबलून राहिलो न. रोडवरच्या पानठेल्यापर्यंत आवाज गेला, तुमच्यापर्यंत नाही?"

"बॉल तिकडं होता."

"मागची गादी जाऊन राहिली, म्हणून," पाठीमागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले. ते मात्र त्याच्या बरोबर डाव्या कानात गेलं.

मुकुंद साहेब उठले. "प्रशिक, असा मोडता घालणार असशील तर रविवारी बाहेर बस."

घरी तो ताटावर बसला, उठला, दारात गेला, पुन्हा बसला. त्याची बायको माया नेहमीसारखी त्याच्या डाव्या बाजूला होती. ती जेवायला, गाडीवर, बुद्धविहारात, कुठंही त्याच्या उजवीकडून बोलत नसे.

"काहून असे करून राहिले जी?"

"पोरं म्हणतात मी गादीसाठी संघ बुडवून राहिलो."

"मंग सांगून टाका."

"अन् काम गेलं तं?"

मायानं त्याच्या ताटात भाजी वाढली. "मी चार वर्षं बाजू बदलून चालून राहिली," ती म्हणाली. "आता तुमी बदला."

शनिवारी प्रशिक सगळ्यांच्या आधी मैदानावर होता. रोशननं ठिपके काढले, तसा त्यानं वाकून एक पुसला आणि पार उजव्या टोकाला, रेषेला लागून नवा काढला.

"मी इथं. तू आत, माह्या डाव्या हाताले. हाक तूच दे."

"कडेले तुम्ही? धावणार कोण?"

"धावतो मी. रेषेच्या पलीकडून मले कोणी हाक मारत नाही."

"हे काय नवीन?" मुकुंद साहेबांनी विचारलं. "कारण?"

गुडघा, वय, ऊन, तीन खोट्या गोष्टी जिभेवर तयार होत्या. प्रशिकनं त्या गिळल्या.

"उजव्या कानानं ऐकू येत नाही, साहेब. चार वर्षं झाली."

साहेबांनी आधी गेटकडं पाहिलं, मग आवाज उतरवला. "हे मी ऐकलेलं नाही. तूही बोललेला नाहीस. काय?"

त्यांना हा उपकार वाटत होता. कारखान्यात उपकार असेच होतात, कोणी काही ऐकत नाही, प्रेस चालू राहतो आणि पुढच्या माणसाचा कान खातो. प्रशिकच्या अंगात चार दिवस वळवळणारं काहीतरी एकदम ताठ झालं.

"ऐका, साहेब. तुमचे तं दोन्ही चांगले आहेत."

"लेखी देशील?" साहेबांचा सूर बदलला. "कागदावर आलं की मग माझ्या हातात काही नाही."

"द्या कागद."

रोशन विटेचा तुकडा हातात फिरवत उभा होता. सव्वीस वर्षांचा गडी. त्यानं तुकडा टाकला.

"दोन आणा, साहेब," तो म्हणाला. "माह्या कानात शिट्टी वाजते. दिवाळीपासून."

कोणी हसलं नाही. मुकुंद साहेब खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, बसले नाहीत. रोशन आतल्या ठिपक्यावर गेला, प्रशिक रेषेवर. सोमवारी गेट उघडेल की नाही, ते सोमवारी. बॉल सुटला. डावीकडून हाक आली, स्वच्छ, आणि चौघं पुढं सरकले. प्रशिक अर्धं पाऊल उशिरा, पण सरकला.