हसनाबादची काफी

निजामाच्या अमदानीत जयवंताबाई आणि तिचा नवरा धुळाजी म्हैसूरकडच्या काफीच्या मळ्यांत काही वर्षं राबून हसनाबादला परतले, तेव्हा तिच्या बोचक्यात मूठभर बुंदाचं, म्हणजे काफीच्या दाण्यांचं, बी होतं. मेंढरांची लेंडी घालून तिनं ते आपल्या विहिरीकाठच्या आंब्याच्या सावलीत लावलं. बरीचशी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात करपली. उरलेली कमरेएवढीच वाढली, पण पुढं त्यांना लाल फळं धरली.

पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड उतरलं. म्हैसूरकडच्या डोंगरातल्या काफीला फुलांसारखा वास होता, किंचित आंबटपणा होता. बी तेच, पण ही दाट, कडू, आणि घोट उतरल्यावर भाजलेल्या बाजरीसारखी गोड.

"वाया गेली का गं?" धुळाजीनं विचारलं.

"वाया कशानं? तिथं पाऊस पिऊन वाढती, इथं ऊन खाऊन. चव बदलंलच की."

दुसऱ्या दिवशी तिला तीच प्यावीशी वाटली.

गावचे बडे जमीनदार काकासाहेब चव बघायला आले. चार लोकांदेखत त्यांनी घोट थुंकला. "काळ्या मातीत काफी? जळका हरभरा हाये हा!" लोक हसले.

पुढच्या हिवाळ्यात औरंगाबादचे एक अंमलदार काकासाहेबांकडे मुक्कामाला आले. त्यांना काफीच लागे. मग काकासाहेबांनी जयवंताबाईला बुंदासकट बोलावून घेतलं. तिनं बुंद भाजला, कुटला, उकळला. पेले बाहेर गेले. ती दाराआड उभी राहिली.

"वा! अशी काफी कधी प्यालो नाही. कुठली ही?" पाहुणे म्हणाले.

"म्हैसूरहून खास मागवली, साहेब," काकासाहेब म्हणाले.

जयवंताबाईचं डोकं तडकलं. पदर खोचून ती थेट बैठकीत शिरली.

"साहेब, ही म्हैसूरची बिलकुल न्हाई. माझ्या विहिरीवरची हाये, हसनाबादची!"

"तुला कोन इचारलं? आत जा!" काकासाहेब ओरडले.

"थुकल्ते तवा हसनाबादची व्हती, आता ग्वाड लागली तर म्हैसूरची? भर उन्हात घागरी म्या वाहिल्या, तुमी न्हाई!"

"बाई, काकासाहेब झूट कशाला बोलतील?" पाहुणे शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पेला उचलला.

ते तिला जास्तच झोंबलं. उरलेला बुंद पदराच्या ओट्यात बांधून ती घरी आली.

"मोठ्यांशी वैर कशाला?" धुळाजी म्हणाला. "काफीच ती."

"काफीच ती? उद्या लेकरू उचलून न्हेतील आन् म्हनतील आमचं हाये. तवाबी गपच बसाल?"

चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढं तिनं तीन दगडांची चूल मांडली. गूळ घालून काफी उकळली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका घातल्या, "हसनाबादची काफी! फुकट हाये, पिऊन बघा!" कुणी तोंड वाकडं केलं, कुणी थुंकलं. कुणी पुन्हा पेला पुढं केला. सांजेला काकासाहेबांचा गडी सांडू निरोप घेऊन आला, "चूल इझवा. मालक चिडून राह्यलेत."

"त्यांनाबी बोलाव," ती म्हणाली. "पेलाभर देईन मी. पर काफीचं गाव बराबर सांगायचं, म्हनावं."

काकासाहेब आले नाहीत. त्यांनी आपल्या शेतातून तिच्या विहिरीकडं जाणाऱ्या पायवाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. तेव्हापासून जयवंताबाई ओढ्याला वळसा घालून झाडांपाशी जाऊ लागली, आणि काकासाहेबांचं शेत दिसलं की मुद्दाम मोठ्यानं शिव्या घालू लागली.